रंगून, सिंगापूर आणि लासलगाव

अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले आणि आपल्याकडच्या चर्चेला पुन्हा दोन टोके फुटली. एकीकडे ‘आता फक्त स्वदेशी, जगावाचून आपले काही अडत नाही’ हा सूर, तर दुसरीकडे ‘सिंगापूरसारखे सगळे खुले करून टाका’ हा. सिंगापुरात राहून हे वाद वाचताना जाणवते की दोन्ही बाजू आपापले उदाहरण अर्धेच सांगतात. दार लावून घेतल्यावर देशाचे काय होते, हे दाखवणारा देश इथून विमानाने तीन तासांवर आहे. आणि दार उघडे ठेवायला काय काय करावे लागते, हे सिंगापूरचे आयातशुल्क जवळपास शून्य आहे एवढ्यावरून कळत नाही.

तो तीन तासांवरचा देश म्हणजे तेव्हाचा ब्रह्मदेश, आजचा म्यानमार. आपल्याला तो आठवतो मंडालेच्या तुरुंगामुळे आणि टिळकांमुळे. जगाला तो माहीत होता तांदळासाठी. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथून वर्षाला सुमारे ३० लाख टन तांदूळ बाहेर जाई, जगात सर्वाधिक. बंगाल आणि मद्रासच्या चुली त्यावर पेटत. शिवाय सागवान, माणके आणि स्वतःचे खनिज तेल. सिंगापूरकडे यातले काहीच नव्हते, पिण्याचे पाणीसुद्धा मलायातून येत होते. १९६० साली या दोघांपैकी कोण पुढे जाईल असे विचारले असते, तर बहुतेकांनी रंगूनचेच नाव घेतले असते.

२ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९६३ मध्ये बँका सरकारजमा झाल्या, १९६४ मध्ये दुकाने. परदेशी संस्था बाहेर काढल्या गेल्या आणि पर्यटकाला जेमतेम २४ तासांचा व्हिसा मिळू लागला, जो पुढे सात दिवसांवर गेला. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय जवळपास रिकाम्या हाताने परतले. चेन्नईचा बर्मा बाजार त्यांच्यातल्याच लोकांनी उभा केला. हा सगळा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. देश नेमका कशाने बसला, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाचे तेच आहे.

भाताची खरेदी सरकारने आपल्या हाती घेतली. प्रत्येक शेतकऱ्याने ठरलेला वाटा सरकारी केंद्रावर घालायचा, भाव सरकार ठरवेल तो, बाजारापेक्षा बराच कमी. शेतकऱ्याने जगात कुठलाही शेतकरी करेल तेच केले. चांगले भात मागे ठेवले आणि ओले, भेसळीचे, हलके भात केंद्रावर टाकले. तेच गिरणीत जाऊन कणीचा तांदूळ बाहेर पडू लागला आणि परदेशी बाजारात त्याला दर मिळेना. डॉलर आटले तसे खत, डिझेल आणि गिरण्यांचे सुटे भाग आटले. मग पीकही वाढेना. १९७० च्या दशकापर्यंत निर्यात काही लाख टनांवर घसरली होती. शेती तीच, पाऊसही तोच होता.

दरम्यान साबण, कापड, औषधे लोकांना हवीच होती. सरकारी व्यापार महामंडळांना क्रमांक दिलेले असत. लोकांनी काळ्या बाजारालाही पुढचा क्रमांक देऊन टाकला. माल थायलंडच्या सीमेवरून येई आणि त्या वाटांवर कॅरेन बंडखोरांची नाकी होती. ते साधारण ५ टक्के कर घेत आणि त्यातून बंदुका विकत घेत. म्हणजे सरकारने पुढचे दार लावले आणि जकातीचे उत्पन्न ज्यांच्याशी युद्ध चालू होते त्यांनाच देऊन टाकले. आयातबंदीची मागणी करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग दोनदा वाचावा.

विनिमयदराची गत आणखी वाईट. १९७७ पासून क्याट हे तिथले चलन आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या एककाला ८.५०८५ या दराने बांधलेले होते, म्हणजे डॉलरला सुमारे ६ क्याट. एप्रिल २०१२ मध्ये हा दर सोडला तेव्हा सरकारने पहिला नवा दर ८१८ चा लावला. मधल्या काळात सरकारी दराने डॉलर मिळवून देणारा परवाना हीच सर्वांत मोठी संपत्ती होती. ज्याच्याकडे परवाना, तो काहीही न पिकवता, न बनवता श्रीमंत. नैसर्गिक वायू विकून आलेला डॉलर सरकारी हिशेबात ६ क्याट म्हणूनच लिहिला जाई आणि उरलेला फरक अर्थसंकल्पात कुठेच दिसत नसे.

शेवटचा घाव १९८७ चा. १ सप्टेंबरला सरकारने तांदळाचा खासगी व्यापार खुला केला. व्यापाऱ्यांनी खरेदीसाठी रोकड जमवली असणार हे उघड होते. ५ सप्टेंबरला २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा रद्द झाल्या आणि त्यांच्या बदल्यात काहीही दिले गेले नाही. चलनातली निम्म्याहून जास्त रक्कम कागद झाली. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी या देशाला अल्पविकसित देशांच्या यादीत टाकले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर आले. मला त्या आठवड्यातला सर्वांत मोठा धडा बंदीचा वाटत नाही. खुले केले, मग पाचव्या दिवशी मोडले. त्यानंतर सरकारच्या घोषणेवर विश्वास ठेवून भात साठवणे म्हणजे वेडेपणा होता.

आता सिंगापूर. इथे आयातशुल्क किंवा अबकारी कर फक्त दारू, तंबाखू, मोटारी आणि पेट्रोलियम पदार्थ यांवर आहे. बाकी मालावर देशी-परदेशी भेद न करता जीएसटी, तो २०२४ पासून ९ टक्के. एकूण परदेशव्यापार देशाच्या उत्पन्नाच्या सुमारे तिप्पट. पण हा देश जन्मापासून असा नव्हता. मलेशियाशी सामाईक बाजारपेठ होईल या अपेक्षेने १९६० च्या दशकात इथेही संरक्षक शुल्के लावली होती, आणि मोटारी इथे जोडल्या जात. १९६५ मध्ये फारकत झाल्यावर ती बाजारपेठच गेली. शुल्के टप्प्याटप्प्याने काढली, आणि १९८० मध्ये मोटारजोडणीचे संरक्षण संपले तेव्हा फोर्डचा कारखाना बंद झाला. कोणी त्याला जीवदान देत बसले नाही.

जे उभे केले ते कंटाळवाणे वाटेल असे आहे. तंजोंग पगारचा कंटेनर धक्का १९७२ मध्ये सुरू झाला, कंटेनरवर पैज लावणे तेव्हा धाडसाचे होते. २०२४ मध्ये या बंदराने ४ कोटी ११ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापाने तेवढे कंटेनर, हाताळले. बंदराइतकीच महत्त्वाची १ जानेवारी १९८९ ला सुरू झालेली ट्रेडनेट ही यंत्रणा. त्याआधी एका खेपेसाठी वेगवेगळ्या खात्यांचे कागद घेऊन फिरण्यात दोन ते सात दिवस जात. ट्रेडनेटमध्ये एकच अर्ज भरायचा. तो लागेल त्या खात्यांकडे आपोआप जातो आणि बहुतेक परवाने काही मिनिटांत येतात. मनुष्याला भेटावे लागत नाही, म्हणून त्याला खूश ठेवावेही लागत नाही.

आणि खुलेपणाचे समर्थक जे कधीच सांगत नाहीत ते हे: सिंगापूर जगावर विसंबून आहे, पण जगाच्या भल्या मनावर नाही. अन्नापैकी ९० टक्क्यांहून जास्त बाहेरून येते, म्हणूनच पांढरा तांदूळ आयात करणाऱ्याला साधारण दोन महिन्यांच्या आयातीइतका साठा नेमून दिलेल्या गोदामात ठेवावा लागतो. साठा व्यापाऱ्याच्या मालकीचा. जुना विकत राहायचे, नवा भरत राहायचे. त्यामुळे तो सडत नाही आणि सरकारला पैसे गुंतवावे लागत नाहीत. आणीबाणीत तो ताब्यात घेण्याचा हक्क मात्र सरकारकडे असतो. १ जून २०२२ ला मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली. सिंगापूरची ३४ टक्के कोंबडी तिथून येत होती, तीही बहुतांश जिवंत. इथल्या कत्तलखान्यांना काम उरले नाही, पण दुकाने रिकामी पडली नाहीत, कारण ब्राझीलची गोठवलेली कोंबडी आधीपासून येत होती. महिना संपेपर्यंत इंडोनेशियालाही मान्यता मिळाली होती.

दुसरी बंदी आपली. २० जुलै २०२३ ला भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. सिंगापूरच्या तांदळाच्या आयातीत भारताचा वाटा तेव्हा सुमारे ४० टक्के होता. विनंतीवरून भारताने ५०,००० टन सोडले, ते चांगलेच केले. पण निर्यातधोरणात एरवी असलेली सवलत, म्हणजे आधी एलसी (पैसे मिळण्याची बँकेची हमी) उघडलेले सौदे पुरे करू देण्याची, त्या अधिसूचनेत स्पष्टपणे नाकारली होती. खरेदीदार अशा ओळी विसरत नाहीत.

इथे लासलगाव येते. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने सरसकट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. शुल्क पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ ला. वीस महिन्यांत नियम इतक्यांदा बदलले. त्यातही डिसेंबर हा लाल कांद्याचा हंगाम. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-पाच महिने थांबू शकतो, लाल कांदा थांबत नाही. तो निघाला की विकावाच लागतो. म्हणून बंदीनंतर काही आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले आणि शेतकऱ्याकडे थांबण्याचा पर्यायच नव्हता. ज्यांचा माल जहाजावर चढायला लागला होता किंवा कस्टम्सच्या ताब्यात गेला होता त्यांनाच सूट. रस्त्यावरचा ट्रक अडकला, साधारण २८ टन कांद्याचा वातानुकूलित कंटेनरही अडकला. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याचे २,००० टन सोडले, तेव्हा नाशिककरांचा संताप रास्तच होता. परदेशातल्या घाऊक व्यापाऱ्याने मात्र संताप केला नाही; त्याने पाकिस्तान आणि चीनचे फोन क्रमांक शोधले.

कारखान्यांचीही हीच कथा. पॉलिएस्टर धाग्यावर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाले. परदेशी कारखान्याची बीआयएसकडून, म्हणजे भारतीय मानक ब्युरोकडून, प्रत्यक्ष तपासणी झाल्याशिवाय परवाना नाही, आणि तपासणी रखडली की आयात बंद. नाव गुणवत्तेचे, लाभ मोजक्या मोठ्या देशी उत्पादकांचा, आणि महागाचा धागा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागवाल्यांच्या माथी. नोव्हेंबर २०२५ मध्ये यातले बरेच आदेश मागे घेतले गेले. धागा परदेशी आहे म्हणून त्यावर अडथळा आणायचा आणि त्याच धाग्याच्या कापडाने जग जिंकायचे, हे एकत्र होत नाही.

भारताने सिंगापूर व्हावे असे मी म्हणत नाही. साठ लाखांच्या शहराला शेतकरी नाहीत. आपल्याकडे जवळपास निम्मे काम करणारे हात शेतीत आहेत. शिवाय इथली बांधकामे ज्या परदेशी मजुरांच्या घामावर उभी आहेत त्यांची वसतिगृहे कशी दाटीची होती, ते २०२० च्या साथीत सगळ्या जगाने पाहिले. तो भाग नकोच. ज्या उद्योगाला खरेच वेळ हवा आहे त्याला संरक्षण द्यावे. पण मुदत पहिल्याच दिवशी छापलेली असावी आणि ती संपली की संपावी.

कांद्याला तर बंदीची गरजच नाही. घाऊक भाव सलग दोन आठवडे ठरलेल्या पातळीच्या वर राहिला तर १० टक्के शुल्क, आणखी वर गेला तर २० टक्के, खाली आला की आपोआप शून्य; आणि ही कोष्टके पेरणीआधी जाहीर. एलसी उघडलेला प्रत्येक सौदा वगळलेला. शुल्काचे पैसे चाळींसाठी. २०२३ मध्ये बफर साठ्याचे उद्दिष्ट ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेले. तो साठा सरकारने सडवण्यापेक्षा सिंगापूरच्या तांदळासारखा व्यापारी आणि शेतकरी कंपन्यांकडे फिरता ठेवता येईल. कांदा तांदळाइतका टिकत नाही, त्यामुळे फिरवण्याचा वेग जास्त लागेल आणि घट धरूनच करार करावा लागेल.

पालघरजवळ वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली: ७६,२२० कोटी रुपये, क्षमता २ कोटी ३० लाख टीईयू. डहाणूचे मच्छीमार त्यासाठी आपला समुद्र द्यायला तयार नाहीत आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. त्यांना निर्यात वाढेल असे सांगितले जाते. मग त्या धक्क्यावर उभा असलेला कंटेनर रात्रीच्या अधिसूचनेने अडवला जाणार नाही, ही हमीही त्यांच्या भरपाईच्या करारासोबतच कायद्यात लिहून द्यावी.