बूट बाहेर काढावेत

स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवर, राहते म्हटलं की लोक आधी थंडीचं विचारतात आणि मग अस्वलांचं. मला दोन्हींचा फारसा त्रास नाही. थंडीला कपडे आहेत. अस्वलांसाठी आमच्या लाँगइयरब्येन गावाच्या वेशीवर पाटी आहे, लाल त्रिकोणात पांढरं अस्वल आणि खाली ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. वेशीबाहेर पडायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ हवं, त्यामुळे इथे खांद्याला बंदूक लावलेली माणसं सर्रास दिसतात. मी वेशीबाहेर जातच नाही. प्रश्न मिटला.

मला छळलंय ते बुटांनी. इथे हॉटेलात जा, म्युझियममध्ये जा, चर्चमध्ये जा, दारातच बूट काढायचे. पूर्वी खाणकामगारांच्या पायांबरोबर कोळशाची काजळी घरभर व्हायची, तेव्हापासूनची ही पद्धत. गाव 1906 साली वसलं तेच कोळशासाठी. नॉर्वेची इथली शेवटची खाण 2025 मध्ये बंद झाली, पण बूट काही दारातून आत येईनात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

आता तुम्ही म्हणाल, चपला दारात काढण्यातच आपला जन्म गेला, त्यात काय एवढं? अहो, चप्पल! पाय झटकला की निघते ती. इथे बुटांपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. बाहेर उणे अठरा, दिवसा दोन वाजता मध्यरात्रीसारखा काळोख (सूर्य ऑक्टोबरअखेर गेला की थेट फेब्रुवारीत तोंड दाखवतो). दार उघडून आत शिरलं की गरम हवेने चष्म्यावर धुकं. कानटोपी, मफलर, हातमोज्यांवरचे हातमोजे काढेपर्यंत आतल्या लोकरीत घाम फुटतो. मग जाकिटाच्या फुगवट्यावरून वाकून, श्वास रोखून, बर्फाने ताठ झालेल्या नाडीची गाठ शोधायची. गाठ सुटते, बूट निघतो, आणि एका पायावर तोल सावरताना दुसरा पाय नेमका टेकतो तो आधीच्या पाहुण्याच्या बुटातून वितळलेल्या बर्फाच्या थारोळ्यात.

लोकरीचा मोजा गार पाणी कसं पितो, हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. आधी अंगठा, मग तळवा, आणि सावकाश, अगदी चवीने, टाच. त्या ओल्या पायाने पुढचा तासभर हसतमुख राहून कॉफी प्यायची. चालताना मागे एकाच पायाचे ठसे उमटत जातात. नॉर्वेजियन लोक फार सभ्य. ठशांकडे बघतात आणि हवामानावर बोलतात.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तर त्यांचं म्हणणं, “जादा मोजे पर्समध्ये टाकावेत गं.” टाकते की! पण ते बदलायला पुन्हा एका पायावर उभं राहावं लागतं.

कहर झाला तो चर्चमधल्या गाण्याच्या कार्यक्रमाला. निघताना बघते तर दारात रांगेने बूट, सगळे काळे, सगळे जाडजूड, सगळे एकाच दुकानातले वाटावेत असे. चष्मा पुसून पुसून शोधले. माझे अडतीस नंबरचे बूट कुणीतरी घालून गेलं होतं, आणि शेवटी उरले ते सदतीस नंबरचे. या गावात माणसं घराला कुलूप लावायचा कंटाळा करतात, म्हणजे चोरीचा संशय घ्यायचीही सोय नाही. दोन मोज्यांतला एक उतरवला, पाय कोंबला आणि चवड्यांवर उड्या मारत घर गाठलं.

सासूबाई मात्र एकदम खूश. “वार कुठला होता?”

“शनिवार.”

“मग सुटलीस! देवळातून शनिवारी पादत्राणं गेली की साडेसाती जाते.”

“आई, चर्च होतं ते.”

“देवाचंच घर ना? शनीला काय नॉर्वे कळतंय!” लगेच त्यांनी माझ्या नणंदेला फोन करून ही शुभवार्ता कळवली. नवऱ्याच्या रखडलेल्या प्रमोशनचा विषयही त्याच फोनवर निकालात निघाला म्हणे.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. एक बाई उभ्या होत्या, चेहरा अगदी ओशाळलेला. हातातल्या पिशवीत माझे बूट, स्वच्छ पुसलेले, वर दिलगिरीची चिठ्ठी आणि चॉकलेटची लादी. साडेसाती इतक्या अदबीने परत आलेली मी तरी पाहिली नव्हती. मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी दारातच वाकून बूट काढले आणि दुसरा पाय टेकला तो थेट माझ्या बुटांखालच्या थारोळ्यात.

मी हवामानावर बोलायला सुरुवात केली.