डाउनलोड राहू द्या, अपलोड किती ते सांगा

ऑफिससाठी फायबर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "स्पीड किती?" समोरचा जो आकडा फेकतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, आणि आपण खूश. ऑफिसांची नेटवर्क सांभाळून माझं मत असं झालंय की धंद्याला फायबरचा खरा फायदा होतो तो उलट्या दिशेने. घरी आपण नेटवरून घेत बसतो, ऑफिस मात्र सतत वर पाठवत असतं. बॅकअप, कॅमेऱ्यांचं फुटेज, डिझाइनच्या फायली, कॉलमधला आपला चेहरासुद्धा.

हिशेब करून बघा. रोजचा बॅकअप 50 जीबी आणि अपलोड 10 एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला 10 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट) असेल तर तो वर जायला अकरा तास लागतात. 100 एमबीपीएसला तासाहून थोड्या जास्त वेळात काम संपतं.

जुन्या तांब्याच्या लाइनवर आमच्याकडे रोज संध्याकाळी सहाला कॉल तुटायला लागायचे. "हॅलो, आवाज येतोय का?" हे इतक्यांदा बोललो असेन की विचारू नका. राउटर बदलला, हेडफोन बदलले, बिचाऱ्या वायफायला शिव्या घातल्या. मग एकाच्या लक्षात आलं की सहाला बॅकअप सुरू होतो! अपलोडची अरुंद वाट त्याने भरून जायची आणि आवाजाची पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मागे रांगेत उभी. फायबर आल्यावर बॅकअपची वेळ तीच ठेवली, कॉल तुटायचे थांबले.

तांब्यात सिग्नल अंतराबरोबर झपाट्याने विरतो, आणि वेग वाढवावा तितका लवकर विरतो. फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, आणि काचेचंही पूर्वी तेच रडगाणं होतं. 1966 साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरला 20 डेसिबलपर्यंत घट आणली तरी काम होईल. म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे! 1970 मध्ये कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीने घट त्याहूनही खाली आणली, आणि काव यांना 2009 चं नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये त्याच एका किलोमीटरनंतर शंभरातले पंच्याण्णव भाग शिल्लक असतात.

जोडणी करताना एकदा शेजारी उभं राहून बघाच. तंत्रज्ञ वरचं आवरण सोलतो, अल्कोहोलने तार पुसतो, टोक सरळ कापतो आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवतो. स्क्रीनवर दोन जाड खांब समोरासमोर सरकताना दिसतात. एक ठिणगी पडते आणि खांब एक होतात. प्रत्यक्षात ती तार 125 मायक्रॉनची, आणि प्रकाश जातो तो तिच्या आतल्या जेमतेम 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून.

शिवाय काच वीज वाहून नेत नाही. लिफ्टच्या मोटरशेजारून केबल गेली तरी फरक पडत नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकून पावसाळ्यात नेटवर्कचे स्विच जाळून घेतलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कुरबुर. फायबर म्हटलं की सगळं सारखंच, असं नसतं. जीपीओएन प्रकारात, म्हणजे एकच फायबर अनेक ग्राहकांना फांद्या फोडून देतात त्यात, खाली येणारे सुमारे 2.5 जीबीपीएस आणि वर जाणारे सुमारे 1.25 एका फांदीवरच्या 32 किंवा 64 ग्राहकांत वाटले जातात. लीज्ड लाइन स्वतंत्र मिळते, पण महाग. छोट्या ऑफिसला तिची गरज बहुधा नसते. शिवाय फायबर येऊन जोडली जाते त्या भिंतीवरच्या डब्याला (ओएनटी) वीज लागते, त्यामुळे यूपीएसवर कॉम्प्युटर चालू आणि ओएनटी बंद, हा विनोद मी दोनदा पाहिलाय.

आणि दुसरी लाइन घेतलीत तर ती कुठल्या रस्त्याने येते ते नकाशावर दाखवायला सांगा. आम्ही मोठ्या हुशारीने दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. रस्ता खोदणाऱ्या मशीनने एकाच फावड्यात दोन्ही उचलल्या, कारण चर एकच होता.