'द पार्टी' आणि 'पडोसन' एकाच दिवशी का लावले?

नमस्कार,

आमच्या या खेळाच्या परीक्षणात एक तारा देताना आपण कारणही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपलं म्हणणं असं, की 'द पार्टी'त इंग्रज नट पीटर सेलर्सने तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय माणूस उभा केला, त्यावर आम्ही नंतरच्या चर्चेत बोललो ते ठीकच. पण त्याच्या पंक्तीला 'पडोसन' बसवून मेहमूदचा अपमान केला, आणि घरच्यांसोबत हसायला आलेल्यांना भाषण ऐकवलं. म्हणून तिकिटाचे पैसे परत हवेत.

दोन्ही चित्रपट १९६८ चे, म्हणूनच जोडीने लावले. 'द पार्टी'तला बक्षी हॉलिवूडच्या मेजवानीला चुकून बोलावला जातो. तिथल्या मंडळींत सर्वांत सभ्य तोच, तरी हशा पिकतो तो त्याच्या उच्चारांवर आणि वेंधळेपणावर. हे आपल्याला चटकन खटकतं, कारण तिथे आपली टिंगल चाललेली असते.

आता 'पडोसन'मधले मास्टरजी पाहा, म्हणजे मेहमूदने रंगवलेले दाक्षिणात्य संगीतशिक्षक. शेंडी, लुंगी, 'अय्यो'! 'एक चतुर नार' या गाण्याच्या जुगलबंदीत खिडकीतला नायक भोला नुसते ओठ हलवतो, गातो तो लपलेला त्याचा मित्र विद्यापती. समोर मास्टरजी मात्र स्वतः गातात, आणि हरतात तेच. हे हसू मुंबईत नेमकं कधी पिकत होतं? १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि त्या काळात दाक्षिणात्यांविरुद्धची 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'ची घोषणा शहरभर घुमत होती. मेहमूदच्या मनात द्वेष होता असं मी मुळीच म्हणत नाही. त्याच्याइतकं ताल-लयीचं भान असलेला विनोदी नट हिंदीत विरळाच, आणि हे मी त्या दिवशीही बोललो होतो. पण पडद्यावरचा 'मद्रासी' म्हणजे बहुतेक वेळा असाच, हे माटुंग्यात वाढलेल्या तमिळ मुलांना भोगावं लागलं.

त्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठून बोलल्या, आठवत असेल. त्यांना 'पडोसन' तोंडपाठ आहे, आजही त्या खळखळून हसतात. पण शाळेत त्यांच्या भावाने गाणं म्हटलं की अख्खा वर्ग 'अय्यो, मास्टरजी' करून ओरडायचा, आणि पुढे त्याने गाणंच सोडलं. त्यांचं ऐकून घ्यायला आम्हाला वीस मिनिटं जास्त लागली. ती कमी करावीत असं मला वाटत नाही.

चर्चा दोन्ही चित्रपट संपल्यावर होती, ज्यांना निघायचं त्यांनी निघावं असं आधीच सांगितलं होतं, आणि फलकावरही ती लिहिलेली होती. चित्रपट पूर्ण दाखवले, त्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. एसीच्या गारठ्याचं म्हणाल तर मागच्या रांगेवरचा झोत आता वळवून घेतला आहे.

आपण मेहमूदवर जीव लावणारे प्रेक्षक आहात, म्हणून आपल्याशी बोलायला मला खरंच आवडेल. पुन्हा या. हे दोन चित्रपट मात्र यापुढेही एकत्रच लागतील.