नीट झालेल्या कामाची नोंद कुठे होते?

चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी नोकरी करतो आणि रात्रीचे जेवण झाले की मोबाइलवर बीजीएमआय हा ऑनलाइन लढाईचा खेळ खेळतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी घट्ट संबंध आहे असे मी म्हणतो, तेव्हा घरचे आणि वरिष्ठ दोघेही ते हसण्यावारी नेतात. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या, मशीनवरून उतरलेला भाग गेज आणि मायक्रोमीटर लावून तपासायचा, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत, बसत नसेल तर लाल ट्रेमध्ये टाकायचा, असे माझे काम आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण तो भाग स्टिअरिंगमध्ये बसणार असेल, तर त्या फरकावर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र त्या अभिमानाला कारखान्यात जागा नाही, कारण आमच्याकडे चांगल्या दिवसाचा आकडा शून्य असतो: शून्य तक्रारी, शून्य परत आलेले भाग. महिनोन्महिने सगळे सुरळीत चालले तर कुणी काही बोलत नाही. एक पेटी ग्राहकाकडून परत आली, की त्याच दिवशी दोषाचा आठ टप्प्यांत छडा लावणारा एट-डी रिपोर्ट, ‘का’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारे ‘व्हाय-व्हाय’ विश्लेषण, बैठका सुरू होतात आणि तपासणीच्या कागदावर सही कुणाची आहे याचा शोध लागतो. वर्षभराच्या कामातून माझे नाव वर पोहोचते ते एवढ्याच निमित्ताने.

यात रोजचा वैताग मिसळतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत बस अडकते, बायोमेट्रिकवर उशिराची नोंद होते आणि त्या नोंदीसाठी रस्त्यावरची कोंडी हे कारण चालत नाही. जे माझ्या हातात नाही त्याचा हिशेब चोख ठेवला जातो आणि जे मी हाताने करतो त्याचा ठेवलाच जात नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

अशा दिवसानंतर खेळातल्या एरँगलच्या नकाशावर शंभर जणांत उतरणे म्हणजे काय, हे न खेळणाऱ्याला समजणे कठीण आहे. तिथे केलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी मोजली जाते. किती शत्रू टिपले, किती वेळ तगून राहिलो, जखमी साथीदाराला किती वेळा उठवले, हे सामना संपताच समोर येते आणि त्यानुसार गुण वाढतात किंवा घटतात. नेट रेंगाळून पिंग वाढल्यामुळे हरलो तर राग येतो, तरीही आपल्या खेळाचा हिशेब लागला याचे समाधान उरते.

या समाधानातला काही भाग खोटा आहे, हेही लिहिले पाहिजे. खालच्या टियरमध्ये, म्हणजे श्रेणीत, समोर येणारे अनेक खेळाडू माणसे नसतात, संगणकाने चालवलेले बॉट असतात. नवख्याला जिंकल्याची चव लागावी म्हणून ते ठेवलेले असतात. सीझन संपला की टियर खाली येतो आणि चढण पुन्हा सुरू होते. माणसाची कदर होण्याची भूक हे खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी आमच्या व्यवस्थापनापेक्षा कितीतरी अधिक बारकाईने अभ्यासली आहे.

ही भूक पैशाशी जोडली गेली की काय होते, तेही मी पाहिले आहे. पगार झाला की आठवडाभरात तो रमीच्या अ‍ॅपवर घालवणारे लोक आमच्याच बसमधून येत होते. त्यामुळे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात खेळणाऱ्याला शिक्षा न ठेवता खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, हे मला योग्य वाटले. पण बंदीने भूक जात नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी बंद झाला, पुढच्या वर्षी त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तोही स्टोअरवरून हटवला गेला आणि मे 2023 मध्ये परतला; मधल्या काळात आमच्या पाळीतली मुले दुसरे काही ना काही खेळतच होती.

ही मुले बहुतेक कंत्राटी आहेत. लातूर, बीड, यवतमाळकडून आयटीआय करून आलेली, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे इथे एकेका खोलीत चौघे-पाचजण राहणारी. त्यांतला एक खेळातल्या आमच्या स्क्वॉडचा म्होरक्या आहे. शॉप फ्लोअरवर तो मला ‘सर’ म्हणतो आणि मान खाली घालून उभा राहतो. रात्री हेडफोनमधून तोच सांगतो, “दादा, मागे या, झोन येतोय, तुम्ही डावीकडून कव्हर द्या,” आणि मी निमूटपणे ऐकतो, कारण त्याचा अंदाज क्वचित चुकतो.

याच मुलाला मशीनच्या आवाजावरून कळते की टूलचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे बदलायचे टोक, झिजत आले आहे. ठरलेली संख्या पूर्ण होण्याआधीच इन्सर्ट बदलावे, म्हणजे शेवटच्या भागांची मापे सरकणार नाहीत, असे त्याने सुचवले होते. बदल झाला, लाल ट्रे हलका झाला आणि कायझेनच्या, म्हणजे कामातल्या सुधारणांच्या, फलकावर सूचना सुपरवायझरच्या नावाने लागली. कंत्राटी कामगाराचे नाव त्या फलकावर लावण्याची पद्धत नाही, असे मला सांगण्यात आले.

‘आजची पिढी मोबाइलमध्ये वाया गेली’ असे जे अधिकारी बैठकीत म्हणतात, त्यांच्याकडे माझे मागणे अगदी साधे आहे. रिजेक्शनच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लावा. कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, किती दिवस एकही भाग नाकारला गेला नाही, हे त्यावर लिहा आणि ते मशीन चालवणाऱ्याचे पूर्ण नाव लिहा, मग तो कायम असो वा कंत्राटी. यासाठी बजेट लागत नाही. ही आकडेवारी आमच्या विभागात रोज तयार होते आणि ती भरून द्यायला मी तयार आहे.