खुलासा : डबी खोचून गाडी गेमच्या कंट्रोलरवर चालत नाही

‘ओबीडी पोर्टात ब्लूटूथची डबी खोचा, कोणतीही गाडी गेमच्या कंट्रोलरवर चालवा’ हा कोल्हापुरात ग्रुपवर फिरणारा दावा खोटा आहे. ओबीडी पोर्ट म्हणजे गाडीतला बिघाड तपासायचं सॉकेट. ती डबी तिथून इंजिनाचे फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचे संकेत, वाचते. ब्रेक दाबत नाही.

गाडी खरंच कंट्रोलरवर चालवायची तर स्टेअरिंगला मोटर, ब्रेक पेडलला अ‍ॅक्च्युएटर (पेडल दाबणारं यंत्र) आणि मधे मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅमवर चालणारी छोटी चिप) लागतो. मोटर बसवायचं ब्रॅकेट उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये झकास बनवून मिळेल. अवघड आहे ते पुढचं. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ३ फेरे फिरतं, कंट्रोलरची कांडी मात्र अंगठ्याएवढ्या जागेत हलते. वळणात अंगठा सुटला की स्प्रिंग कांडी मधे आणते, चाकं झटक्यात सरळ होतात. म्हणून प्रोग्रॅममध्ये स्टेअरिंग फिरण्याच्या वेगाला मर्यादा घालावी लागते. सिग्नल तुटला तर ब्रेक आपोआप लागायलाच हवा.

रंकाळ्याच्या रस्त्यावर हे करूच नका. बंद मैदान, चालकाच्या सीटवर माणूस आणि त्याच्या हाताशी मोटरची वीज तोडणारं बटण हवंच.