रोलचा मोतीबिंदू

जावईबापूंचा फोटोंचा रोल आपण वाचवला, असं बायकोच्या मामांनी निम्म्या नातेवाइकांना फोनवर सांगून झालंय. उरलेल्या निम्म्यांना ते भेटीत सांगणार आहेत. माझं म्हणणं एवढंच की मामा बाथरूमच्या दाराबाहेर उभे होते आणि आत, हात ओले करून, मी होतो.

झालं असं, की फिल्म धुवायचा टँक उघडला आणि फिल्म दुधाळ निघाली. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुणाऱ्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो आणि न वापरलेले क्षार फिक्सरने विरघळवून काढायचे असतात. ते राहिले की फिल्म पारदर्शक होत नाही, पांढुरकी राहते, वर एक जांभळट झाक. तशीच ठेवली तर उजेडाने पुढे काळवंडत जाते.

या फिक्सरची मला नेहमीच कीव येते. डेव्हलपरवरून लोक तावातावाने भांडतात, कुठला बारीक दाणा देतो, कुठला धार देतो, यावरून मैत्र्या तुटतात. फिक्सर मात्र लग्नातल्या वाढप्यासारखा, असला तर कुणी बघत नाही आणि नसला तर बोंब. अहो, जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्येच दाखवून दिलं होतं की हायपोत, म्हणजे फिक्सर ज्याचा बनवतात त्या सोडियम थायोसल्फेटमध्ये, चांदीचे क्षार विरघळतात. फोटोग्राफी जाहीर व्हायला अजून वीस वर्षं होती! म्हणजे उत्तर आधी तयार होतं, प्रश्न मागून आला. १८३९ मध्ये त्याने हे कागदावर फोटो काढू पाहणाऱ्या टॅलबॉटला सांगितलं, तोवर तो बिचारा मिठाच्या पाण्यावर भागवत होता. पण हर्शेलचा फोटो कुणाच्या डार्करूममध्ये लावलेला मी तरी पाहिलेला नाही.

असो. तर मी दुधाळ फिल्म हातात धरून उभा, आणि दारावर टकटक.

"जावईबापू, किती वेळ?"

"झालंच मामा."

"मघाशीही झालंच होतं." मग दार थोडं ढकलून मामांनी मान आत घातली. फिल्मकडे पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "याला मोतीबिंदू झालाय."

मामांच्या मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालंय. तेव्हापासून जगात जे जे धूसर दिसतं, त्या सगळ्याचं निदान एकच. माझ्या कोपरावरून पाणी ओघळत होतं आणि मामा मला उजवा डोळा सांगत होते. आधी कसं दिव्यांभोवती वलय दिसायचं, डॉक्टर कसे तरुण होते पण हात कसा स्थिर, पट्टी काढल्यावर समोरच्या भिंतीचा रंग कसा भलताच निघाला. मी एकीकडे हं-हं करत संशयित तपासत होतो. रिळावर फिल्म फिल्मला चिकटली असती, तर ठिकठिकाणी डाग पडले असते. ही तर टोकापासून टोकापर्यंत सारखी. तापमान ठीक होतं, टँक वेळच्या वेळी उलटासुलटा केला होता. काही आधुनिक, चपट्या दाण्यांच्या फिल्मना फिक्सर जास्त वेळ लागतो, पण ही त्यातली नव्हती. राहता राहिली फिक्सरची बाटली.

ही बाटली एका मित्राने दिली होती. तिच्यावर त्याने मार्करने ठसठशीत लिहिलंय, 'ताजा'. तारीख नाही. म्हणजे तो फिक्सर कायमचाच ताजा. आणि देताना वर मला म्हणाला होता, "दोन-तीन रोल फार तर निघालेत यात." खरं तर बाटलीवर किती रोल धुतले याच्या रेघा मारायच्या असतात, लहान मुलालाही जमेल. पण उदार माणसांना हिशेब ठेवायची सवय नसते, आणि त्यांचं औदार्य आपल्याला निस्तरावं लागतं.

"थेंब घातले का?" मामा.

"कसले थेंब?"

"मोतीबिंदूत थेंब घालतात. आधी घालतात, नंतरही घालतात."

इथे मात्र माझा तिळपापड झाला, कारण फिक्सर तपासायचे थेंब खरोखरच असतात. पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब वापरलेल्या फिक्सरमध्ये टाकायचे. पिवळसर-पांढरा साका आला आणि विरघळला नाही, की समजायचं फिक्सर चांदीने तुडुंब झालाय. पण हे मामांना सांगणं म्हणजे त्यांना पदवी देण्यासारखं होतं. मी गप्प राहिलो.

रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा पडला होता, तो 'ताजा'त टाकला. बराच वेळ झाला तरी तुकडा होता तसाच, ढिम्म. मग हायपोचे स्फटिक काढले आणि पाण्यात ढवळायला लागलो. हायपो विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, भांडं बाहेरून गारठतं. मामांनी भांड्याला बोट लावलं. "बर्फ टाकलात? डोळ्यालाही बर्फाने शेकायला सांगतात."

पाणी पुन्हा २० अंशांवर आणून तुकडा टाकला. तीनेक मिनिटांत कडेपासून विरघळत गेला आणि काच झाला. स्वच्छ व्हायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ ठेवायचं, असा नियम आहे, कारण डोळ्यांना साफ दिसलं तरी आत थोडे क्षार अडकलेले असतात. फिल्म पुन्हा टँकमध्ये घातली, तर मामा ओरडले, "अहो दिवा! दिवा चालू आहे!" डेव्हलपरचं काम झाल्यावर दिव्याने आता काही बिघडत नाही, हे पटवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात फिल्म निम्मी साफ झाली होती. आधी भोकांच्या कडेची पट्टी, मग चौकटींमधली सावली, आणि खिडकीच्या गजांमागचं झाड हळूच वर आलं.

"बघा," मामा म्हणाले. "निघाला मोतीबिंदू. मी म्हटलं ना, परत आत घालून साफ करायचा."

म्हटलं होतं का? डोळ्याबद्दल म्हटलं होतं. पण मिळालेलं श्रेय परत कोण करतो? फिल्म धुऊन लटकवेपर्यंत बाहेरच्या खोलीतून त्यांचा पहिला फोन ऐकू आला. "सरळ ऑपरेशनच सांगितलं मी."

'ताजा' आता झाकणबंद कॅनमध्ये बाल्कनीत आहे. त्यात विरघळलेली चांदी असते, ती गटारात सोडायची नसते. हे कळल्यावर मामांनी दोनदा विचारलंय, साधारण किती तोळे निघेल.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ताजाच होता रे. भरला तेव्हा." मग थोडा थांबून, "बाटली तेवढी धुऊन परत आण हं. चांगली आहे ती."