आत काय बोलणं झालं?

लेक १७ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा काउन्सेलरकडे नेलं. सेशन संपवून ती गाडीत बसली. तिने पट्टा लावायच्या आत मी विचारलं, "काय बोलणं झालं आत?"
"काही नाही."
"काही नाही कसं? पाऊण तास होतीस की आत!"
तिने कानात इअरफोन घातले. विषय संपला.

माझा मात्र संपला नव्हता. दुसऱ्या सेशननंतर मी थेट काउन्सेलरबाईंनाच फोन लावला. आणि त्यांनी सांगितलं की सगळं! नव्या शाळेत तिला कुणी विचारत नाही. मधल्या सुट्टीत ती लायब्ररीत जाऊन बसते. आमच्या बदलीचा तिला राग आलाय, पण तो बोलून दाखवला तर आई रडते, म्हणून ती गप्प राहते. हे सगळं ऐकून मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. चला, कळलं एकदाचं. त्याच रात्री मी तिला शहाणपणाने म्हणाले, "अगं, लायब्ररीत काय बसतेस, मिसळावं जरा मुलींच्यात."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं पाहिलं. तिसऱ्या सेशनला ती गेली नाही. पुढची दोन वर्षं आमच्या घरात 'काउन्सेलर' हा शब्द कुणी काढला नाही.

आज हे लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला होता. मुलगा १९ वर्षांचा. घेतलेली शाखा नकोशी झालीय, पण दुसरं काय हवं तेही सांगता येत नाही. दिवसभर खोलीत. "तुझ्या लेकीची थेरपिस्ट कोण गं? त्याला जरा समजावून सांगेल."

समजावून सांगेल! या वाक्याशीच माझं भांडण आहे. समजावून सांगणाऱ्यांची या वयात टंचाई असते का? आईबाप सांगतात, शिक्षक सांगतात, काका-मामा सांगतात, कधी काळी याच वयातून गेलेला आणि आता सगळं विसरलेला प्रत्येक माणूस सांगतो. त्यात पैसे देऊन आणखी एक कशाला?

ही खोड जुनी आहे. १९०० साली व्हिएन्नात मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्याकडे एका वडिलांनी आपल्या साधारण १८ वर्षांच्या मुलीला आणलं. फ्रॉइडने पुढे तिच्यावर लिहिलं ते 'डोरा' या टोपणनावाने. वडिलांच्या मित्राने तिच्याशी लगट केली होती. तिने ते घरी सांगितलं, वडिलांचा विश्वास बसला नाही. डॉक्टरने मुलीचं डोकं ठिकाणावर आणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. फ्रॉइडने तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवला, पण तिच्या मनात काय चाललंय ते तिच्यापेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, अशा थाटात तिला अर्थ सांगत राहिला. अकरा आठवडे तिने ऐकून घेतलं आणि ३१ डिसेंबरला 'आता येणार नाही' म्हणून निघून गेली. मानसोपचाराच्या इतिहासातली इतकी गाजलेली केस, आणि तिच्यातली मुलगी उठून चालती झाली. मला तिचं फार कौतुक वाटतं. माझी लेक तिसऱ्या सेशनला गेली नाही, त्याचं कौतुक वाटायला मात्र बराच वेळ लागला.

मग थेरपीत नेमकं होतं काय? मी तज्ज्ञ नाही. पण लेकीने १९व्या वर्षी स्वतःहून, स्वतः शोधून दुसरी थेरपिस्ट गाठली, तेव्हापासून मी बरंच वाचलं. (विचारायला बंदी झाली की माणूस वाचायला लागतो.) त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे इंटरपर्सनल थेरपी, म्हणजे माणसामाणसांतल्या नात्यांवर भर देणारी थेरपी. जेराल्ड क्लरमन आणि मर्ना वाइसमन यांनी ती डिप्रेशनसाठी बांधली आणि पुढे लॉरा मफसन यांनी किशोरवयीन मुलांसाठी तिला साधारण बारा आठवड्यांचं रूप दिलं. त्यात त्रासाचं मूळ चार ठिकाणी शोधतात: जवळच्या माणसाचा मृत्यू, नात्यातले वाद, एकटेपणा आणि भूमिकेतला बदल. हे चौथं वाचलं आणि मी थांबलेच. शाळेतून कॉलेजात, घरातून वसतिगृहात, दोघांतून एकटं, विद्यार्थ्यातून नोकरदार. या प्रत्येक वेळी आधीचा 'मी' मागे पडतो आणि नवा अजून अंगाला बसलेला नसतो. थेरपिस्ट तिथे घाई करत नाही. जे सुटलं त्याबद्दल आधी बोलू देते. काय आवडायचं, काय नाही, कशाची आठवण येते. सुटलेल्याचं दुःख करायला मिळालं की मग नव्या जागी लागणारी माणसं आणि कौशल्यं कशी जमवायची, यावर काम होतं.

आम्ही काय केलं होतं? नवी शाळा कशी छान आहे, हे तिला तीन महिने ऐकवलं होतं. जुन्या शाळेबद्दल एक शब्द बोलू दिला नव्हता.

आणि बदल चांगला असला तरी तो माणसाला दमवतोच. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, हे कळतं. पण लग्न ५०! स्वतःच्या मोठ्या यशालासुद्धा २८. शिक्षण सुरू होणं किंवा संपणं २६. हे माप ढोबळ आहे, दोन माणसांना एकच घटना सारखी लागत नाही. तरी 'हवी ती अ‍ॅडमिशन मिळाली, आता रडायला काय झालं' असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा बघावी.

'हे वयच असं असतं, जाईल आपोआप' असंही लोक म्हणतात. पुष्कळदा जातंही. प्रत्येक उदास मुलाला थेरपीत बसवा, असं मी मुळीच म्हणत नाही. कुणाला एक चांगला मित्र पुरतो, कुणाला धावणं पुरतं. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे २००५ साली छापून आलेले निष्कर्ष मी विसरू शकत नाही: आयुष्यात कधीही मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात १४व्या वर्षापर्यंत झालेली असते आणि तीन चतुर्थांशांची २४व्या वर्षापर्यंत. म्हणजे 'जाईल आपोआप' म्हणून आपण वाट बघतो ती नेमकी याच वर्षांत. झोप, भूक, अभ्यास, मित्र हे सगळं आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल तर वाट बघू नये. आणि मूल मरणाबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं तर एक दिवससुद्धा नाही. तिथे थेरपिस्टबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागू शकतात, औषधंही लागू शकतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एक आणखी. खोलीत कोंडून घेणारं मूल दिसतं तरी. जेम्स मार्शिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली तरुणांच्या 'मी कोण' या ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. त्यातली एक अशी की मुलाने काही शोधून पाहिलेलंच नसतं, आईबापांनी ठरवलेलं तसंच्या तसं स्वीकारलेलं असतं. असं मूल शांत असतं, ठाम असतं. नातेवाईक त्याची उदाहरणं देतात. मैत्रिणीचा मुलगा 'ही शाखा नको' म्हणतोय आणि पुढचं सुचत नाहीये, तर तो मार्शियाच्या भाषेत शोधाच्या अवस्थेत आहे. त्रासाची आहे ती, पण बिघाड नव्हे. हे मी तिला सांगितलं. "म्हणजे मी काहीच करायचं नाही?" म्हणाली. चिडून म्हणाली, आणि मला तिचं चिडणं समजलं.

करण्यासारखं एक आहे आणि ते फार अवघड आहे: दाराबाहेर राहायचं.

लेकीच्या या थेरपिस्टने तिच्या संमतीने मला एकदाच बोलावलं, दोघींना समोरासमोर बसवलं आणि नियम सांगितले. इथलं बोलणं इथेच राहील. अपवाद तीन: तिच्या जिवाला धोका असेल, तिच्यापासून दुसऱ्या कुणाला असेल, किंवा कुणी अत्याचार करत असल्याचं कळलं तर. त्या वेळीही शक्यतो आधी तिला सांगून मगच दुसऱ्यांना. "तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं असेल तर जरूर बोला, पण तुम्ही काय बोललात ते मी हिला सांगेन." म्हणजे चोरवाट दोन्हीकडून बंद! मूल सज्ञान नसेल तर आईबापांना किती कळवायचं, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. म्हणूनच हे बोलणं पहिल्याच दिवशी, मुलासमोर व्हायला हवं. पहिल्या बाईंनी ते केलं नाही. मीही विचारलं नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली लिहून ठेवलंय की थेरपिस्ट आणि येणारा माणूस यांची युती तीन गोष्टींवर उभी असते: कुठे पोचायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. पहिल्या वेळी कुठे पोचायचं ते मी ठरवलं होतं. लेकीला कुणी विचारलंच नव्हतं.

थेरपीचं सगळंच मला आवडतं असं नाही. रील्स बघून मुलं 'ट्रॉमा', 'टॉक्सिक', 'बाउंड्री' हे शब्द भाजीत मीठ घालावं तसे वापरतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. एकदा लेकीने मला 'टॉक्सिक' म्हटलं, दोन आठवड्यांनी स्वतःच म्हणाली, "तो शब्द जरा जास्त झाला." हे तिला थेरपीत सुचलं की असंच, कोण जाणे. आणि पहिलाच थेरपिस्ट जुळेल असंही नाही. नाही जुळला तर बदलावा, पण तसं त्याला सांगून बदलावा. सांगणं हाही सरावच.

होम्स आणि राहे यांच्या त्या यादीत आणखी एक ओळ आहे. मूल घर सोडून जाणं: २९. म्हणजे शिक्षण सुरू होण्या-संपण्यापेक्षा तीन गुण जास्त, आणि ते आईबापांच्या खात्यावर. ती ओळ वाचून मी थोडी रडले आणि मग माझ्यासाठी वेगळी थेरपिस्ट शोधली. तिथे काय बोलणं होतं ते लेक विचारत नाही. तिला ते सहज जमतं.

तिचं सेशन आता गुरुवारी संध्याकाळी ऑनलाइन असतं. त्या तासाला मी घरात थांबत नाही, फिरायला जाते. भिंती पातळ आहेत आणि माझे कान तीक्ष्ण. काल परत आले तेव्हा तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ती फोनवर कुणाशी तरी खळखळून हसत होती. कोण होतं ते विचारलं नाही. विचारावंसं मात्र वाटलं. खूप वाटलं.